डोक्याने डिट, मुठीने डा

आबा खोबरेकरांशी बोलायचं असेल तर त्यांच्या तोंडाकडे बघून उपयोग नसायचा, उजव्या हाताकडे बघायला लागायचं. तुम्ही बोलत असायचात आणि त्यांचं एक बोट मांडीवर चालू असायचं. टिचकी, टिचकी, मग जरा घासलं, परत टिचकी. नवीन माणसाला वाटायचं म्हातारबुवांना कंप आहे. कंप नव्हता. तुम्ही जे काही बोलताय ते सगळं ते मांडीवर मोर्समध्ये पाठवत असायचे. मासळीवाली बोलली तरी तेच, टीव्हीवरचा बातम्यावाला बोलला तरी तेच. आयुष्यभर जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. मग जहाजांवरनं मोर्स गेलं, आबा मालवणात धुरीवाड्यात आमच्या शेजारी येऊन राहिले, पण हाताला हे कुणी कळवलंच नाही.

मोर्स म्हणजे काय ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दोनच आवाज. छोटा आवाज म्हणजे डिट, लांब आवाज म्हणजे डा. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर या दोघांचंच बनतं. डिट डा म्हणजे A. डा डिट डिट डिट म्हणजे B. मांडीवर टिचकी मारली की डिट, बोट घासलं की डा. झालं, एवढंच आहे. आणि हे जे तुम्ही आत्ता वाचताय ते सगळं मी असंच लिहिलंय, आणि भरभर लिहिलंय.

आता माझं. मला सेरेब्रल पाल्सी आहे, मी व्हीलचेअरवर असतो. हात माझं ऐकत नाहीत. डावी मूठ थोडं ऐकते, मान चांगली ऐकते. बोलतो मी खूप, पण ते आईला कळतं. बाबांनाही कळतं, पण ते नोकरीला म्हापशाला, शनिवारी घरी येतात, आणि आल्यावर पहिले दोन तास त्यांनाही परत कान जुळवून घ्यायला लागतात. बाकीच्या जगासाठी आई माझी दुभाषी. ती पाणी भरायला उठली की मी मुका.

नववीच्या वार्षिक परीक्षेला शाळेने मला लेखनिक दिला. लेखनिक म्हणजे मी सांगणार आणि तो लिहिणार, खालच्या वर्गातला असावा लागतो, आणि घरचं माणूस चालत नाही. म्हणजे आई चालत नाही. तो मुलगा बिचारा चांगला होता. पण माझा शब्द त्याला कळेना, मी परत सांगायचो, तो परत विचारायचा, घड्याळ पुढे जायचं. शेवटी त्याने त्याला जे येत होतं ते लिहिलं. मराठीत निबंध होता, माझा आवडता खेळ. पेपर तपासून घरी बघायला मिळाले तेव्हा आईने तो निबंध वाचला, 'मी रोज संध्याकाळी मित्रांबरोबर मैदानावर क्रिकेट खेळतो. काल मी दोन चौकार मारले.' बाईंनी त्याला चांगले मार्क दिले होते. शाळा खूश होती.

आबा तेव्हा आमच्या पडवीत चहा प्यायला आले होते. आई म्हणाली, "आबानू, मार्क बरे पडलेत ओ. पण ह्यो सकाळपासून तोंड पाडून बसलो आसा."

"वाच बघया माका," आबा म्हणाले.

आईने वाचलं. आबांचं बोट मांडीवर चालू होतं ते चौकारापाशी थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग व्हीलचेअरच्या चाकाकडे बघितलं. "गौऱ्या, ह्या तू सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि काय सांगितलं होतं ते बोललो. आईने सांगितलं, "तो म्हणता, माका क्रिकेट रेडिओवर आयकाक आवडता. टीव्हीवर सगळा दिसता, मगे मजा काय."

आबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे मेसेज बदलल्यान."

"तसा नाय ओ, त्या पोराक कळाक नाय..."

"कळाक नाय तर परत इचारूचा. बदलूचा नाय. मगे हे मार्क कोणाचे? ह्याचे काय त्या झिलाचे?"

आई कप उचलून आत गेली. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कळायला आईच लागली असती. दहावीला बोर्डाची परीक्षा, तिथेही असाच कुणीतरी लेखनिक मिळणार, मी पास होणार, आणि त्या सगळ्या पेपरांत माझं एकही वाक्य नसणार. हे मला नववीच्या त्या निबंधावरनं कळलं होतं. आबांना ते तिथल्या तिथे कळलं. आईला कळत होतं, पण तिला वाटायचं, पास होतोय ना, मग पुरे.

आबांच्या रागाचं कारण जहाजावरचं होतं. रेडिओ ऑफिसरच्या हातून सगळ्यांच्या तारा जायच्या आणि यायच्या. कुणाचा बाप गेला, कुणाच्या बायकोला काय झालं, सगळं आधी याला कळणार. तर त्याने ते कुणाला सांगायचं नाही, आणि शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, अशी त्यांना शपथ असते. देवगडच्या एका खलाशाला मुलगी झाल्याची तार आली तेव्हा आबांनी ती पाकिटात घातली, खाली इंजिनरूममध्ये नेऊन दिली आणि तोंड मख्ख ठेवून उभे राहिले. तो वाचून नाचायला लागला तेव्हा आबांनी विचारलं, "काय झाला रे?" हे ते अजून अभिमानाने सांगायचे. म्हणायचे, "मेसेज हातासून जावचो, तोंडासून नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा एक पितळी खटका घेऊन आले. लाकडी पाटीवर बसवलेला, काळी गोल मूठ. जहाजावरचा. खाली दाबून लगेच सोडला की डिट, जरा धरून सोडला की डा. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, सेल लावला, बाजूला छोटा बझर ठेवला आणि म्हणाले, "हात आसा, मूठ आसा, कान आसत. लेखनिक कशाक होयो?"

मी तेव्हा एवढा खूश झालो की पहिल्याच धक्क्याला टेबलावरचा चहा सांडला.

आबांची शिकवायची एक पद्धत होती. कागदावर काही नाही. मला वाटलं होतं तक्ता देतील, A ला हे, B ला ते. नाही. "कागद बघलंस काय गेलंस. कान लाव." अक्षर म्हणजे आवाज, ठिपके आणि रेघा नाहीत. ते बझरवर वाजवायचे, मी ओळखायचं. चूक झाली तर आठ डिट ओळीने वाजवायचे, म्हणजे 'चुकलं, खोडा'. समोरच्याचं कळलं नाही तर डिट डिट डा डा डिट डिट, म्हणजे 'परत पाठव'. आवाजाने मी महिनाभरात सगळी अक्षरं शिकलो. आई भाकऱ्या थापायची तेव्हा त्यातली अक्षरं पण मला ऐकू यायला लागली. तिच्या भाकरीत नुसते E आणि I असतात, म्हणजे एक डिट नाहीतर दोन डिट.

पण ऐकायला येणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. माझी मूठ खाली जाते ती पटकन वर येत नाही. अडकते. म्हणजे मला डिट मारायचा असला तरी डा जायचा. सगळंच डा. आबांचं म्हणणं, ही प्रॅक्टिसची गोष्ट आहे. ते शिकले तेव्हा त्यांच्या मास्तरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. मला मारत नव्हते, पण सोडतही नव्हते. "परत. लवकर सोड. परत." पाऊसभर हे चाललं. घराच्या बाहेर पाऊस आणि आत माझे डा. माझा दंड सुजायचा, आई तेल लावायची आणि आबांकडे बघायची नाही.

तालुक्यातल्या शाळा फिरणाऱ्या विशेष शिक्षिका, सामंत मॅडम, स्कूटरवरनं महिन्यातून एकदा आमच्याकडे यायच्या. त्यांनी ते बघितलं आणि लगेच सांगितलं, "अहो, दोन बटणं द्या ना त्याला. एक डिटचं, एक डाचं. धरून ठेवायचा प्रश्नच नाही. अशी सोय असते."

आबा म्हणाले, "दोन बटणांचो ऑपरेटर म्हणजे सायकलीक मागे बारकी चाकां."

"मग काय झालं? सायकल चालली म्हणजे झालं."

"मॅडम, ह्यो खटको आपल्या लोकांनी वादळात चालवलो हा. तुमच्या बटणांचा माका सांगू नका."

मॅडमनी हेल्मेट घातलं. आईला म्हणाल्या, "दहावीचे फॉर्म भरून होतील तोपर्यंत यांचं वादळ संपायला पाहिजे."

आणि खरंच वेळ जात चालला होता. दहावी सुरू झाली होती, शाळेत सगळे सराव पेपर सोडवत होते आणि मी माझं नावसुद्धा नीट पाठवू शकत नव्हतो. आबांना मी हे सांगू कसं? आईमार्फत सांगितलं तर आई गोड करून सांगणार. एका संध्याकाळी त्यांनी परत तेच सुरू केलं, लवकर सोड, परत, आणि मी वैतागून डोकं मागे व्हीलचेअरच्या पाठीवर आपटलं. ठक. ते प्लास्टिक होतं, आवाज छोटा आणि स्वच्छ आला. मग मी परत आपटलं. मग मूठ टेबलावर दाबून घासली. ठक, घस्स. ठक, ठक, ठक. वैतागातच चाललं होतं, पण मधेच माझ्या लक्षात आलं की आपल्याला हे जमतंय. डोक्याने डिट, मुठीने डा. मी तसंच पुढे चालू ठेवलं.

आबांच्या कानाला ते न ऐकणं शक्यच नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले. मी पाठवलं होतं, ABA PURE.

त्यांनी खटका माझ्यापुढून बाजूला सरकवला. मग आईला म्हणाले, "गो, ह्यो माका पुरे म्हणता." आणि हसले. पण हसून झाल्यावर खटका उचलला, सेल काढला आणि घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, "चार महिने माझ्या हातान तुका शिकवलंय. तुझो हात बघूक नाय."

रेडिओवाल्यांत 'हात' म्हणजे मोठी गोष्ट असते, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मोर्स सगळ्यांचं एकच, पण प्रत्येकाची वाजवायची लय निराळी. हजार मैलांवरनं नुसत्या आवाजावर ते ओळखायचे, हा अमका, हा आज आजारी दिसतो. एवढं सगळं ज्याला ऐकू यायचं त्याला समोर बसलेल्या माझा हात चार महिने दिसला नाही, हे त्यांना लागलं होतं. माफी वगैरे मागितली नाही. बाजारात जाऊन दरवाजाच्या घंटीची दोन बटणं घेऊन आले, त्यांच्यावर बरणीची दोन मोठी झाकणं चिकटवली, एक माझ्या डोक्यामागे बसवलं आणि एक मुठीखाली.

पुढचं सामंत मॅडमनी केलं. कुडाळच्या त्यांच्या ओळखीच्या एका इंजिनीअरने डबी बनवून दिली, ती लॅपटॉपला लावली की लॅपटॉपला वाटतं आपल्याला कीबोर्ड जोडलाय. मी बटणं दाबतो, डबी बीप करते, अक्षर पडतं. इंग्रजीत aai टाइप केलं की मराठीत आई होतं. पहिल्या दिवशी मी एवढं टाइप केलं की रात्री मान हलेना. आईला विचारलं, तू मला लहानपणी गौरेश नाव का ठेवलंस, बाबांना खरंच शेवग्याच्या शेंगा आवडतात का, आणि ती मासळीवाली तुला कायम आदल्या दिवशीचे बांगडे देते ते तुला कळत नाही का. आई म्हणाली, "देवा, ह्याच्या पोटात इतक्या होता?"

लॅपटॉप टाइप केलेलं वाचूनही दाखवायचा. आवाज बाईचा होता, बातम्या दिल्यासारखा. आबा म्हणाले, "गौऱ्या, मिशी फुटाक लागली आणि आवाज असो?" मग मी पुरुषाचा आवाज घेतला, तो एकदम पुस्तकी मराठी बोलायचा. आबा म्हणाले, "आता तू पुण्याक दिलेलो झालंस." ते माझ्याशी मात्र लॅपटॉपवरनं कधी बोलले नाहीत. डबीची बीप ऐकूनच त्यांना कळायचं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर द्यायचे, आणि मी म्हणायचो, थांबा, माझं संपलं नाही.

आमचे मुख्याध्यापक पाटकर सर. त्यांनी एक दिवस पडवीत बसून मला टाइप करताना बघितलं आणि सरळ सांगितलं, "पूर्वपरीक्षा यावर दे. वेळेत झाली तर बोर्डाच्या परवानगीसाठी मी स्वतः मागे लागेन. नाही झाली तर लेखनिक घ्यायचा, मग रडायचं नाही." मी टाइप केलं, 'चालेल.' गणिताचं निराळंच प्रकरण आहे, ते इथे नको. पण बाकीच्या विषयांची मी अशी तयारी केली की स्वप्नात सुद्धा बीप यायच्या.

पूर्वपरीक्षेला मला तळमजल्यावरची वेगळी खोली दिली. बीपचा त्रास इतरांना नको म्हणून. डबी बंद पडली तर दुरुस्त कोण करणार, म्हणून आबांना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायची परवानगी दिली. ते बाक नेमकं माझ्या खिडकीखाली. मराठी झालं, इंग्रजी झालं, वेळेत झालं. इतिहासाच्या पेपरला मधेच माझ्या मानेला झटका आला. डोक्यामागचं बटण आपोआप पाचसहा वेळा दाबलं गेलं आणि शब्दाचा काला झाला. मला ते लक्षातही आलं नव्हतं, मी तसाच पुढे चाललो होतो.

आणि खिडकीच्या गजावर आवाज आला. अंगठीचा. डिट डिट डा डा डिट डिट.

मी विचारही केला नाही. मागे गेलो, शब्द खोडला, परत पाठवला.

सुपरव्हिजनला असलेल्या बाई उठल्या. खिडकीतनं बघितलं. आबांचा हात अजून गजावर होता. बाईंनी माझा पेपर थांबवला आणि पाटकर सरांना बोलावलं.

सरांनी विचारलं, "आबा, तुम्ही आत काय कळवलंत?"

"परत धाड म्हटलंय. दुसरा काय नाय."

"ते तुम्ही म्हणताय. आम्हाला कळायचं कसं? या शाळेत ही भाषा तुम्हा दोघांनाच येते."

मी आतून भराभरा टाइप केलं आणि लॅपटॉपने मोठ्याने वाचलं, 'त्यांनी उत्तर सांगितलं नाही. माझा शब्द चुकला एवढंच सांगितलं.'

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "गौरेश, चुकला हे सांगणं म्हणजे मदतच झाली ना? बाकीच्या मुलांना कोण सांगतं चुकलं म्हणून?"

आबांनी अंगठीकडे बघितलं. "सर बरोबर बोलतत," ते म्हणाले. "मी मुद्दाम करूक नाय. खराब मेसेज कानार पडलो काय हात आपसूक जाता. पण चूक माझी. पोराक शिक्षा नको."

बाईंचं म्हणणं होतं की पेपरच रद्द करावा, आणि हे सगळं बोर्डाकडे जाऊच नये, उद्या शाळेवर आलं तर. पाटकर सर व्हरांड्यात इकडून तिकडे चालले. सगळं वर्ष त्या चालण्यावर होतं. मग सर म्हणाले, इतिहासाचा पेपर उद्या परत, प्रश्न नवीन, आणि आबा शाळेच्या आवारात नकोत.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पेपर लिहिला. डबी बिघडली नाही. मानेला दोनदा झटका आला, दोन्ही वेळा मला माझं मलाच बघायला लागलं, एक चूक सापडली, एक राहिली. 'स्वातंत्र्य'चं काहीतरी भलतंच झालं होतं. पण पेपर वेळेत झाला. सरांनी बोर्डाकडे पाठपुरावा केला, परवानगी आली.

आबा त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे आलेच नाहीत. आले ते पिशवी घेऊन. म्हणाले, "मी विजयदुर्गाक बहिणीकडे जातंय. तुझी परीक्षा संपल्यार येतंय."

आई म्हणाली, "आबानू, घरी बसलात तरी चलता. शाळा खंय, आपला घर खंय."

"घरी रवलंय तर पाय शाळेकडे जातले. थय आयकाक इला काय हात गप रवाचो नाय. माका माझो हात म्हायत आसा." मग मला म्हणाले, "दोन बटणां जास्तीची केलंय. डबी बिघडली तर सामंत मॅडम आसत. माझी गरज नाय."

मी टाइप केलं, 'भीती वाटते.'

त्यांनी बीप ऐकल्या. "वाटूची," ते म्हणाले. "पयल्या बोटीवर माका पण वाटलेली. थय कोण होतो हात धरूक?" आणि एसटी चुकेल म्हणून गेले. मी रागावलो होतो. एवढं सगळं शिकवून ऐन वेळेला हा माणूस बहिणीकडे मासे खायला जातोय, असं मला खरंच वाटलं.

बोर्डाच्या पहिल्या पेपरला सुपरव्हायझर बाहेरगावचे होते. त्यांनी मला आधी कधी बघितलेलं नव्हतं. आईने मला खोलीत बसवलं, बटणं लावून दिली, आणि तिला बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. मी आणि एक अनोळखी माणूस, मधे दुभाषी नाही, खिडकीखाली कुणी नाही. हे असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. पेपर लिहायला लागलो. निबंध आला तो माझा मी लिहिला, काय लिहिला ते आता नीट आठवतही नाही, चांगला नव्हता बहुतेक, पण सगळा माझा होता. तेवढ्यात पंख्याचा वारा सरळ मानेवर यायला लागला आणि मान आखडायला लागली. आता ही मान गेली की डिट गेले. मी ते सर बघतील म्हणून वाट बघितली. ते वर्तमानपत्र वाचत होते. मग मी नवीन ओळीवर गेलो, टाइप केलं, लॅपटॉपने वाचलं, 'सर, पंखा बंद करता का? मला थंडी वाजते.'

ते उठले आणि पंखा बंद केला. "अजून काही?" त्यांनी विचारलं. एवढंच. जसं कुणालाही विचारतात.

परीक्षा संपल्यावर आबा आले, बहिणीकडची सुकी कोळंबी घेऊन. त्यांची बहीण आईला फोनवर म्हणाली होती, "गो, ह्यो पेपराच्या दिवशी अकरा वाजल्यापासून मिक्सर लावक देय नाय होतो. काय खूळ ता." आबांनी मला पेपर कसे गेले ते विचारलं नाही. विचारलं, "मी नसताना पयलो मेसेज कोणाक धाडलंस?"

मी पंख्याचं सांगितलं.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बरो मेसेज," म्हणाले. "कामाचो." मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा ऑपरेटर धरलं, कारण त्यानंतर ते माझ्या टायपिंगमधल्या चुका काढेनासे झाले. मी पास झालो. मराठीत नववीपेक्षा कमी पडले. ते मार्क बघून आबा आईला म्हणाले, "हे खरे."

पुढे दीडेक वर्ष ते शेजारी होते. मी अकरावीला गेलो, बटणं चांगली आली, फोनवर पण टाइप करायला लागलो. माझा वेग वाढला तशी त्यांची तक्रार वाढली, "हळू रे मेल्या, माझे कान म्हातारे झाले." मग त्यांना दम लागायला लागला आणि त्यांची मुलगी शिल्पाताई त्यांना वास्कोला घेऊन गेली. जाताना गाडीत बसले तेव्हा काचेवर बोट चालू होतं. ड्रायव्हर आणि शिल्पाताई रस्त्यावरनं भांडत होते, तेच चाललं होतं.

शिल्पाताईचा फोन आला तो सकाळी. आई बाजारात गेली होती, बाबा म्हापशाला. फोन माझ्यासमोर स्टँडवर होता, मी उचलला.

"वहिनी आसा काय घरात?" ती म्हणाली. आवाज बसलेला होता.

मी टाइप केलं, फोन बोलला, 'आई बाजारात गेली आहे. मी गौरेश.'

"ती इली काय माका फोन करूक सांग."

मी टाइप केलं, 'ताई, आबांचं काही आहे का? मला सांग.'

तिने परत विचारलं, आई कधी येणार. मला वाटलं ठेवणार. मग तिने सांगितलं. पहाटे गेले, झोपेतच. मी विचारलं जवळ कोण होतं, तिने सांगितलं. मी विचारलं इकडे आणणार का, ती म्हणाली नाही, इथेच, बारा वाजता. मी विचारलं तू काही खाल्लंस का. तेव्हा ती रडली, आणि मी ती थांबेपर्यंत काही टाइप केलं नाही.

फोन ठेवल्यावर मी बाबांना कळवलं. मग सामंत मॅडमना. मग पाटकर सरांना. थोड्या वेळाने फाटक वाजलं. आईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि ती पायरीवरनंच भाव काय झालेत ते सांगायला लागली होती. मी तिला म्हटलं, पिशव्या खाली ठेव आणि आधी बस.